जिलेटीनच्या पेटीवर गोळी मारली तर ती खरंच उडते का?

अजिंक्यतारा_सातारा
राम राम मंडळी. प्रश्न जरा येडा वाटेल पण हसू नका. पोवई नाक्यावर आमचं टोळकं जमतं तिथं परवा वाद पेटला. एका पिक्चरमध्ये हिरो लांबनं गोळी घालतो, ती जिलेटीनच्या पेटीला लागते आणि अख्खं गोडाऊन हवेत. मी म्हणलं असंच होणार की, स्फोटक आहे ते, धक्का बसला की उडणार. आमच्यातल्या एकाचा मामा अपशिंग्याचा, आर्मीतनं रिटायर झालेला, तो म्हणे सांगतो की टीएनटीला, म्हणजे बॉम्बात भरतात त्या मालाला, गोळी घातली तर भोक पडतं, बाकी काय होत नाय. तिसऱ्यानं मधेच काढलं की मग युक्रेनमध्ये रणगाड्यांची वरची टोपणं उडून पडताना दिसतात ती कशानं. तिघांचंही खरं कसं असेल? कुणी जाणकार असेल तर सांगा की बाबा गोळी लागल्यावर त्या मालाच्या आत नेमकं होतं काय. फॉर्म्युले नकोत, मी कॉमर्सवाला. आणि करून बिरून बघायचं नाहीये, पैज लागलीय मिसळीची, बास.

कराडचा_खाणवाला
आमची खडी क्रशरची लाईन, वडलांपासनं ब्लास्टिंग बघतोय, म्हणून दोन शब्द. पयली गोष्ट म्हणजे लोक अजून जिलेटीन जिलेटीन म्हणतात पण नायट्रोग्लिसरीनच्या त्या जुन्या कांड्या २००४ साली सरकारनं बंद केल्या. आता येतं ते इमल्शन नायतर स्लरी, प्लास्टिकच्या नळीत भरलेलं, हाताला लोण्यागत मऊ. नाव तेवढं जुनंच चाललंय. जुन्या कांडीचा लोकांना जेवढा धाक होता तेवढा ह्याचा नाय, आणि तो माल तसा आहेच, नुसत्या आदळआपटीनं बधत नाय. त्याला उठवायला केप लागते. केप म्हणजे डिटोनेटर, खरी नाजूक वस्तू ती. म्हणून केपा येगळ्या खोलीत आणि माल येगळ्या खोलीत हा कायदाच आहे, गाडीत पण एकत्र न्यायचं नाय. तुमच्या पिक्चरातल्या पेटीत केपा होत्या का नव्हत्या ते डायरेक्टरला इचारा.

गोळीचं मला म्हाईत नाय, पण आमच्याकडं धक्क्यानं माणसं गेलीत ती सगळी एकाच प्रकारानं. न उडालेला बार. विहिरीचं काम चाललेलं असतं, दहा बार भरले, नऊ उडाले, एक तसाच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी ड्रिलवाला त्याच जुन्या भोकात नायतर त्याच्या शेजारी ड्रिल लावतो. आत माल पण आहे आणि केप पण आहे, वरनं जॅकहॅमरचं पोलाद. जुन्या भोकाच्या बुडात परत ड्रिल मारायचं नाय हे नियमात लिहिलेलंच आहे पण माण खटावकडं पाणी लागायच्या घाईत कोण नियम वाचतंय.

माणदेशी_मेजर
जय हिंद. अपशिंग्याच्या मामांचं म्हणणं बरोबर आहे. माझी नोकरी ॲम्युनिशनच्या बाजूला गेली, जास्त बोलणार नाही, जे सगळीकडे छापून आलेलं आहे तेवढंच सांगतो.

दारूगोळ्यावर गोळी मारून बघणे ही टेस्टच असते. नाटो देशांचं स्टँडर्ड असं आहे की १२.७ मिमीच्या चिलखतभेदी गोळ्या, तीन, एकामागोमाग एक, सेकंदाला ८५० मीटरच्या आसपास वेगानं, त्या बॉम्बवर नाहीतर मिसाईलवर मारायच्या आणि काय होतं ते बघायचं. आणि रिझल्ट 'उडाला' किंवा 'नाही उडाला' असा दोन शब्दांत लिहीत नाहीत. सहा प्रकार आहेत. एक नंबर म्हणजे पूर्ण डिटोनेशन, दोन म्हणजे अर्धवट, तीन म्हणजे स्फोट पण डिटोनेशन नाही, चार म्हणजे जोरात जळून खोकं फाटणे, पाच म्हणजे नुसतं जळणे आणि सहा म्हणजे काहीच नाही. पास व्हायचं असेल तर पाच किंवा सहा नंबर यायला लागतो. म्हणजे बघा, जळाला तरी पास!

हे एवढे नियम आले कुठनं तर अपघातातनं. २९ जुलै १९६७, अमेरिकेचं फॉरेस्टल नावाचं विमानवाहू जहाज. डेकवर उभ्या विमानातनं एक रॉकेट चुकून सुटलं, समोरच्या विमानाच्या तेलाच्या टाकीला लागलं. रॉकेट लागून बॉम्ब फुटला नाही हे लक्षात घ्या, तेल सांडलं, पेटलं, आणि त्या आगीत जुने बॉम्ब शेकून दीड मिनिटात फुटायला लागले. फायर पार्टी जवळ गेली होती, तीच आधी सापडली. १३४ माणसं गेली. नव्या भरणीचे बॉम्ब त्याच आगीत जास्त वेळ टिकायचे, तिथं नेमके जुन्या साठ्यातले आणलेले होते. गोळीपेक्षा आग वाईट, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात.

कृष्णाकाठ_०९
मेजर मस्त माहिती. पण माझा डाऊट वेगळा आहे, जळणं आणि उडणं यात फरक काय राव, शेवटी दोन्हीत जाळच ना

विश्रामबाग_केमिस्ट
सांगलीहून. मी केमिस्ट्री शिकवते, दर वर्षी दिवाळीनंतर वर्गात हाच प्रश्न येतो, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे, चालवून घ्या.

कृष्णाकाठ, फरक जमीन-अस्मानाचा आहे. जळताना आच एका थरातून दुसऱ्या थरात जाते, उष्णतेनं, त्याला वेळ लागतो. डिटोनेशनमध्ये दाबाची लाट मालातून धावते आणि ती लाटच पुढचा थर पेटवत जाते, पेटलेला थर मागून लाटेला ढकलतो. टीएनटीमध्ये ही लाट सेकंदाला साधारण ६९०० मीटरनं जाते. सातारा ते सांगली सव्वाशे किलोमीटर धरा, वीस सेकंदांच्या आत. आगीला तेवढ्या वेळात वीतभर कांडीसुद्धा संपवता येत नाही.

आता गोळी. जुन्या एसएलआर रायफलची ७.६२ मिमीची गोळी साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, वेग ८४० मीटर. हिशोब केला तर साधारण ३३०० जूल ऊर्जा. ऐकायला खूप वाटतं पण ही सगळी ऊर्जा लिटरभर पाण्यात घातली तर पाणी एक डिग्रीनंसुद्धा तापत नाही. मग किलोभर स्फोटक एवढ्यानं पेटावं कसं? गेल्या शतकात केंब्रिजला बाउडेन आणि योफी यांनी ह्याच कोड्यावर बरीच वर्षं काम केलं. त्यांचं उत्तर असं की सगळा माल तापावाच लागत नाही. ऊर्जा एखाद्या बारीक ठिपक्यात गोळा झाली, मिलीमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या जागेत, आणि तिथं चारशे-साडेचारशे डिग्रीच्या वर तापमान गेलं, तर तेवढा ठिपका पेट घेतो. इंग्रजी पुस्तकात ह्याला हॉट स्पॉट म्हणतात, आपणही तेच म्हणू.

हे ठिपके होतात कुठे? मालात हवेचे बारीक बुडबुडे असतात, सूक्ष्म पोकळ्या असतात, ओतीव मालाला भेगा असतात. गोळी शिरली की पोकळी एकदम चिमटली जाते. सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड कसं गरम होतं, तोच प्रकार पण हजारपट घाईत. शिवाय स्फटिक एकमेकांवर घासतात, वाळूचा एखादा कण असेल तर त्याच्या कडेला घासतात, माल एका रेषेत सरकतो तिथं तापतो. म्हणून कारखान्यात स्वच्छतेचा एवढा बाऊ. नायट्रोग्लिसरीनमध्ये हवेचा बुडबुडा अडकला की ते किती तरी जास्त नाजूक होतं, हेही ह्याच कारणानं.

पण ठिपका पेटला म्हणजे संपलं नाही, इथंच खरी शर्यत आहे. ठिपका उष्णता तयार करतोय आणि आजूबाजूचा थंड माल ती ओढून घेतोय. ठिपका फार लहान असेल तर विझून जातो, गोळी आरपार, भोक, आणि तुमचे मामा जिंकले. थोडा मोठा असेल तर आजूबाजूचं पेटवतो, माल जळायला लागतो. मग पुढचा प्रश्न, झालेला गॅस जाणार कुठे? उघड्यावरचा लगदा असेल तर गॅस निघून जातो, माल जळत बसतो. व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिक सी-४ ह्या लगद्यासारख्या स्फोटकाचा तुकडा पेटवून त्यावर जेवण गरम करायचे हे प्रसिद्धच आहे (धूर विषारी असतो, ते वेगळं). पण तोच माल जाड पोलादी कवचात बंद असला तर गॅस कोंडतो, दाब वाढतो, दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो, त्यानं दाब आणखी, आणि शेवटी कवच फाटतं किंवा जळणं डिटोनेशनमध्ये बदलतं. त्यामुळे "गोळीनं उडतं का" ह्याला एका शब्दात उत्तर नाही. माल कुठला, किती भेगाळलेला, कशात कोंडलेला आणि गोळी केवढी, ह्यावर मेजरांच्या सहा नंबरांपैकी कुठला लागतो ते ठरतं.

कोरेगाव_एक्सप्रेस
मॅडम हे सगळं कबूल. पण मग आजकालच्या भरणीत असं काय घालतात की गोळी पचते? आणि धक्क्यानं थेट डिटोनेशन कधीच होत नाही का, मधे जळणं न येता?

विश्रामबाग_केमिस्ट
होतं. जोराचा धक्का असेल तर लाट आत शिरतानाच सगळ्या पोकळ्या एकदम पेटतात आणि थेट डिटोनेशन. पण त्यासाठी दाब नुसता जास्त असून भागत नाही, काही काळ टिकायलाही लागतो. रायफलची गोळी बारीक आणि टोकदार, तिचा दाब बाजूनं लगेच सुटतो. शिवाय घन स्फोटकात आवाजाचा वेग सेकंदाला दोन-अडीच किलोमीटर असतो, म्हणजे गोळी त्याच्या निम्म्यानंसुद्धा जात नाही.

दुसऱ्या टोकाला रणगाडा फोडणारी शेप्ड चार्ज बघा, तिच्यातून तांब्याची बारीक धार निघते, तिचं टोक सेकंदाला आठ-नऊ किलोमीटरच्या पुढं. मानफ्रेड हेल्ड म्हणून जर्मन संशोधक होते, त्यांनी अशा धारेसाठी एक सोपा नियम बसवला, वेगाचा वर्ग गुणिले धारेची जाडी. हा गुणाकार त्या मालाच्या ठरावीक आकड्याच्या वर गेला तर डिटोनेशन, खाली राहिला तर नाही. (कॉमर्सवाले दादा, एवढा एकच फॉर्म्युला, माफ करा.) वेगाचा वर्ग आहे म्हटल्यावर दहापट वेग म्हणजे शंभरपट परिणाम.

आणि ह्याच माणसानं ह्याचा उपयोग काय केला ते मला फार आवडतं. रणगाड्यावर जे विटांसारखे डबे लावलेले दिसतात ना, रिॲक्टिव्ह आर्मर, त्यात दोन पोलादी पत्र्यांच्या मध्ये स्फोटकाचा थर असतो. हेल्ड त्याच्या जनकांपैकी एक. इस्रायलनं १९८२ च्या लेबनॉन युद्धात ते वापरलं. त्या थरातला माल असा निवडतात की साधी गोळी आणि गोळ्याचे तुकडे लागले तर त्यानं ढिम्म बसावं, पण शेप्ड चार्जची धार आली की तत्क्षणी उडावं आणि पत्रा धारेच्या आडवा फेकावा. आपल्या टी-७२ अजेय रणगाड्यावरच्या विटा पुण्यात पाषाणजवळच्या सुतारवाडीच्या एचईएमआरएल ह्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेनं तयार केल्या, म्हणजे आपल्यापासून तीन-चार तासांवर हा विषय रोजचा आहे.

भरणीबद्दल. नव्या पद्धतीत स्फोटकाचे स्फटिक रबरासारख्या प्लास्टिकमध्ये मळतात. टीएनटी ऐंशी डिग्रीला वितळवून ओतलं की गार होताना भेगा पडतात, पोकळ्या राहतात, ठिसूळ असतं. रबरी भरणीत गोळी शिरली तर माल दबतो, चुरा होत नाही, आणि चुरा झाला नाही की जळायला पृष्ठभाग कमी मिळतो. शिवाय टीएटीबी नावाचं एक स्फोटक आहे ते मुळातच इतकं थंड डोक्याचं की अणुबॉम्बवाले सुरक्षिततेसाठी ते वापरतात. महाग फार, म्हणून साध्या बॉम्बला परवडत नाही.

अजिंक्यतारा_सातारा
मॅडम लई भारी, पयल्यांदा सायन्स डोक्यात शिरलं. पण मग रणगाड्याचं टोपण? ते राहिलंच की.

माणदेशी_मेजर
ते मी सांगतो. त्यात मुख्य दोषी तोफगोळ्याच्या टोकातला बारूद नसतो, गोळा ढकलायची जी दारू असते, प्रोपेलंट, ती असते. टी-७२ मध्ये गोळे आणि दारूच्या नळ्या क्रूच्या पायाखाली गोल चक्रात रचलेल्या असतात, मशीन आपोआप उचलून भरतं. त्यामुळं लोडर लागत नाही, रणगाडा बुटका होतो, सगळं छान. पण धार आत घुसली आणि एक नळी पेटली की शेजारच्या सगळ्या पेटतात. प्रोपेलंटचं कामच भराभर जळणं आहे. बंद पोलादी खोलीत एवढा गॅस, त्याला वाट एकच, टरेटच्या, म्हणजे तुमच्या त्या टोपणाच्या, कड्यातनं वर. डिटोनेशन असायलाच पाहिजे असं काही नाही, कोंडलेलं जळणं पुरतं. टरेट कित्येक टनाचं असतं तरी उचललं जातं.

हे नवीन नाही. ३१ मे १९१६ ला जटलंडच्या लढाईत इंग्रजांच्या तीन बॅटलक्रूझर, म्हणजे मोठ्या युद्धनौका, जर्मन गोळे लागून स्फोटानं फुटून बुडाल्या, इन्डिफॅटिगेबल, क्वीन मेरी आणि इन्व्हिन्सिबल. इंग्रजांची दारू, कॉर्डाइट, रेशमी पिशव्यांत, आणि भराभर फायर करायच्या नादात आग अडवायचे दरवाजे उघडे ठेवायचे. जर्मनांनी आपली मुख्य दारू पितळी नळ्यांत ठेवलेली, त्यांच्या टरेटला पण गोळे लागले, दारू जळाली, माणसं मेली, पण जहाजं अशी फुटली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन शर्मन रणगाडे असेच पेटायचे, १९४४ मध्ये गोळ्यांच्या रॅकभोवती पाण्याचे कप्पे केले आणि गोळे खाली सरकवले, तेव्हा पेटण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. आताच्या अमेरिकन अब्राम्स रणगाड्यात दारूगोळा मागे वेगळ्या कप्प्यात, वरचं झाकण मुद्दाम कमजोर, मधे जाड दरवाजा. पेटलं तर आग आभाळात जाते, क्रू वाचतो. मॅडम म्हणाल्या ना गॅस जाणार कुठे, तेच.

फलटण_फटाका
एवढं ज्ञान वाटताय तर एलपीजीच्या सिलेंडरचं पण सांगून टाका, गोळी मारली की गावच उडतं की पिक्चरमध्ये 😄

विश्रामबाग_केमिस्ट
सिलेंडर हे स्फोटकच नाही. स्फोटकाच्या रेणूत किंवा मिश्रणात ऑक्सिजन आतच असतो, म्हणून त्याला बाहेरची हवा लागत नाही. सिलेंडरच्या आत नुसता गॅस, हवाच नाही तर पेटणार कशानं? भोक पडलं तर गॅस सुटेल, हवेत मिसळेल आणि मग ठिणगीची वाट बघेल, धोका तिथं आहे. पहिल्या महायुद्धात झेपेलिन, म्हणजे जर्मनांची हवाईजहाजं, पाडताना इंग्रजांना हाच त्रास झाला. हायड्रोजनची एवढी मोठी पिशवी आणि साध्या गोळ्यांनी नुसती भोकं पडायची. शेवटी फुटणाऱ्या आणि पेटवणाऱ्या गोळ्या मिसळून मारायला लागल्या, तेव्हा ३ सप्टेंबर १९१६ च्या पहाटे लंडनजवळ इंग्रज वैमानिक लीफ रॉबिन्सननं एसएल ११ नावाचं असंच एक हवाईजहाज पाडलं.

कोरेगाव_एक्सप्रेस
हे वाचून एक विचारायचं राहवत नाही. आमच्या जुन्या गोठ्याच्या माळ्यावर आजोबांच्या विहिरीच्या कामातल्या कांड्या आहेत कागदात गुंडाळलेल्या. बाबा म्हणतात तीस-पस्तीस वर्षं झाली, आता मेल्या असतील, उकिरड्यात टाकू. कागद तेलकट झालाय.

कराडचा_खाणवाला
भावा हात लावू नको!! बाबांना पण लावू देऊ नको. त्या मेलेल्या नसत्यात. जुनी कांडी घाम धरती, तो तेलकट घाम म्हंजे आतलं नायट्रोग्लिसरीन भायेर आलेलं. मघाशी मी म्हणलं आदळआपटीनं बधत नाय ते आताच्या इमल्शनबद्दल, ह्या मालाबद्दल नव्हं. ह्याला गोळी बिळी काय लागत नाय, माळ्यावरनं पडली तरी बास. आमच्याकडं असला माल निघाला तर मालक पण जवळ जात नाय, तज्ज्ञ माणूस बोलावतोय.

विश्रामबाग_केमिस्ट
खाणवाले दादा म्हणतात ते शंभर टक्के. भुशात मुरवलेलं द्रव बाहेर निथरलं की कांडी करून मिळवलेली सगळी सुरक्षितता गेली. आत्ताच ११२ ला फोन करा.

कोरेगाव_एक्सप्रेस
केला. पोलिसांनी पत्ता घेतला, बॉम्ब शोधक पथक पाठवतो म्हणाले. म्हशी सोडून मळ्यात नेऊन बांधल्यात. बाबा चिडलेत की उगाच गावभर बोभाटा होणार, केस बिस होईल का म्हणून.

माणदेशी_मेजर
केसचं नंतर बघू, स्वतःहून कळवलंय हे तुमच्या बाजूनं आहे, आणि आजोबांच्या वेळचा माल आहे हे पोलिसांना सरळ सांगा. पथक येईपर्यंत गोठ्याला कुलूप लावायला पण जाऊ नका, दार ओढलं की माळा हलतो. शेजारच्यांना लांब थांबवा. आणि व्हॉट्सॲपला टाकायला म्हणून फोटो काढायला कुणा पोराला आत पाठवू नका, ही पोरं ऐकत नाहीत.